पेरण्याआधी सगळं पाणी, पेरल्यावर जवळजवळ नाही: जायंट भोपळ्याचं बी उगवताना

कोथरूडच्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे: सासवडजवळ भावाची जमीन आहे, तिथे 'अटलांटिक जायंट' जातीचा भोपळा लावून बघायचा आहे. डिसेंबरच्या शेवटी बाल्कनीतल्या कुंड्यांत चार बिया पेरल्या आणि रोज सकाळी थोडं थोडं पाणी घातलं. दोन बिया कुजल्या. तिसरी उगवली, पण टरफल डोक्यावर अडकून पानं उघडलीच नाहीत. चौथं रोप झकास वर आलं आणि मग बुडाशी बारीक होऊन आडवं पडलं. बिया महागाच्या आहेत, आता चारच उरल्या आहेत. तर पाणी नेमकं किती आणि कधी घालायचं?

थेट उत्तर आधी देतो. कुंडीत भरायचं मिश्रण बी पेरण्याआधी नीट ओलं करून घ्यायचं आणि पेरल्यापासून कोंब वर येईपर्यंत, म्हणजे ऊब पुरेशी असेल तर साधारण चार ते सात दिवस, कुंडीत पाणी घालायचंच नाही. त्या दिवसांत आपलं काम आहे ती ओल टिकवायची. "रोज सकाळी थोडं थोडं" ही सवय तुळशीला चालते, या बियाला नाही. रोजच्या शिंपणाने वरचा पापुद्रा दुपारपर्यंत वाळतो आणि तळाशी मात्र चिखल साठत जातो. तुमच्या दोन बिया खालच्या चिखलाने खाल्ल्या, तिसरीचं टरफल बहुधा वरच्या कोरड्या थराने अडकवलं आणि चौथीची मानच ओली राहिली. चार वेगवेगळे अपघात वाटतात, पण कारण एकच आहे.

आता सविस्तर.

हा भोपळा आपल्या मंडईतल्या डांगराच्या नात्यातलाच, पण वेगळा गडी. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात विंडसर गावच्या हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करून ही जात तयार केली आणि आज जगातले बहुतेक सगळे विक्रमी भोपळे तिच्याच वंशातले आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेच्या ट्रॅव्हिस गिंजर यांचा भोपळा १,२४७ किलोचा भरला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडच्या इयन आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांनी १,२७८.८ किलोवर नेऊन तो विक्रम मोडला. आपल्या हवेत त्या आकड्यांच्या मागे लागू नका. पण बी तेच आहे आणि त्याच्या गरजाही त्याच आहेत, म्हणून ही मंडळी पहिल्या आठवड्याला एवढं का जपतात ते समजून घेण्यासारखं आहे.

बी हातात घेऊन बघा. चांगलं इंचभर लांब, जाड सालीचं, आणि आत पांढरा भरगच्च गर. या गरात रोपाच्या पहिल्या आठवड्याची सगळी शिदोरी असते, त्यामुळे सुरुवातीला खताची गरज शून्य. बियाला हवं असतं पाणी, ऊब आणि हवा. यातली हवा आपण विसरतो. कोरडं बी पाणी ओढतं तेव्हा ती नुसती भौतिक क्रिया असते, मेलेलं बीसुद्धा पाणी पिऊन फुगतं. जिवंत बी त्यानंतर जागं होतं, जोरात श्वास घ्यायला लागतं, आणि तेव्हा त्याला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश पाण्यातून पसरतो. भोपळावर्गीय बियांच्या सालीच्या आत आणखी एक पातळ पापुद्रा असतो. साल सतत पाण्यात राहिली की हवेची वाट तिथे जवळजवळ बंद होते. बी गुदमरतं, त्यातली साखर बाहेर झिरपते आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. आपण उकरून बघतो तेव्हा घाण वास मारणारा लगदा हाती येतो आणि "बी खराब निघालं" म्हणून विकणाऱ्याला नावं ठेवतो.

घरात मटकीला मोड आणताना आपण काय करतो? रात्रभर भिजवतो, पाणी पूर्ण निथळतो, फडक्यात बांधून ठेवतो. मटकी पाण्यातच ठेवली तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो, हे कुणाला शिकवावं लागत नाही. कुंडीत बी पेरताना मात्र तीच माणसं झारी घेऊन उभी राहतात.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर बियाला वाफसा हवा. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी रानात पाय ठेवला की माती पायाला चिकटत नाही, पण बोटाला ओल लागते, ती अवस्था. मातीच्या कणांभोवती पाण्याचं पातळ आवरण आणि मधल्या पोकळ्यांत हवा. कुंडीत आपल्याला हा वाफसा पहिल्या दिवशी आणायचा आहे आणि आठवडाभर हलू द्यायचा नाही.

मिश्रणापासून सुरू करू. सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांतून आपण जी लाल माती आणतो ती मोठ्या कुंडीतल्या जास्वंदीला ठीक आहे, बियाला नको. दोनदा पाणी पडलं की ती बसते, वर कवच धरते, आणि भोपळ्याच्या जाड कोंबालाही ते कवच फोडताना दम लागतो. रानातली काळी माती तर कुंडीत घालूच नका, निचरा होत नाही. मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) एक भाग आणि बारीक चाळलेलं जुनं गांडूळखत अर्धा भाग घेतो. परलाईट मिळत नसेल तर भाताची तूसं किंवा धुतलेली जाडसर वाळू चालते, फक्त वाळूने कुंडी जड होते आणि पुढे सांगितलेली वजनाची युक्ती करताना ते ध्यानात ठेवावं लागतं. शेणखत या टप्प्यावर नको. अर्धवट कुजलेलं असेल तर तेच तापतं आणि तेच बुरशी आणतं. गांडूळखतसुद्धा हात राखूनच. ओलं कोकोपीट आणि भरपूर सेंद्रिय खत म्हटलं की ती बारीक काळी चिलटं हजर होतात. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात.

कोकोपीटबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो, कारण पुण्यात इथे बऱ्याच जणांचं गणित चुकतं. विटेच्या रूपात मिळणाऱ्या स्वस्त कोकोपीटमध्ये मीठ असतं, सोडियम आणि पोटॅशियमचं. मीठ असलं की मिश्रण हाताला ओलं लागतं, पण बियाला त्यातून पाणी ओढता येत नाही. बी ओलाव्यात बसून तहानलेलं राहतं. म्हणून वीट भिजवून, पिळून, पाणी फेकून, असं दोन-तीनदा धुवा. पाकिटावर 'लो ईसी', म्हणजे कमी क्षारांचं, असं लिहिलं असलं तरी एकदा धुतलेलं बरं. दुसरं म्हणजे पाणी. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ आहे, त्याची काळजी नाही. पण बावधन, वाघोली, उंड्री अशा भागांत जिथे बोअरवेल किंवा टँकरवर सोसायटी चालते, तिथे बियांपुरतं तरी नळाचं किंवा पिण्याचं पाणी वापरा. लागतंच किती, एखादा लिटर. आरओचं बाद पाणी मात्र मुळीच नको, कारण आरओने वेगळे काढलेले क्षार त्यातच उतरलेले असतात.

आता मुठीची परीक्षा, ज्यावर सगळं अवलंबून आहे. धुतलेलं कोकोपीट पिळून मोकळं करा, बाकीचं त्यात मिसळा आणि घमेल्यात झाकून रात्रभर ठेवा. हे रात्रभर ठेवणं सोडू नका. ताज्या कालवलेल्या मिश्रणात काही गुठळ्या चिंब असतात तर काही आतून कोरड्या, आणि हाताला सरासरीच लागते. सकाळपर्यंत ओल सगळीकडे सारखी होते. मग मूठभर मिश्रण घ्या आणि जोर लावून दाबा. अगदी पूर्ण जोर. बोटांच्या फटींत ओलसर चमक दिसली पाहिजे, फार तर एखाद-दुसरा थेंब. मूठ उघडा. गोळा तसाच राहिला पाहिजे. अंगठ्याने हलकं टोचलं की दोन-तीन तुकड्यांत फुटला पाहिजे. पाणी मनगटापर्यंत ओघळलं तर मिश्रण जास्त ओलं आहे, वर्तमानपत्रावर पसरून तासभर ठेवा आणि पुन्हा दाबून बघा. गोळाच झाला नाही तर फवाऱ्याने थोडं पाणी मारून कालवा आणि परत तासभर झाका. रंगाकडेही बघा. गडद तपकिरी हवा, पण वर चकाकी नको. चकाकी म्हणजे कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या, हवेला जागा उरली नाही.

ते दोन काटे खुपसून ओल दाखवणारं स्वस्त मीटर घ्यायचा मोह होतो. नका घेऊ. ते प्रत्यक्षात विजेचं वहन मोजतं. कोकोपीटमध्ये थोडं मीठ असलं की काटा 'ओलं' दाखवतो, आणि भुसभुशीत मिश्रणात काट्याभोवती हवा राहिली की 'कोरडं'. आपली मूठ त्याच्यापेक्षा खरं सांगते.

कुंडी घ्या पाच-सहा इंच खोल. त्याहून उथळ नको, आणि याचं कारण बहुतेकांना ठाऊक नसतं. कोणत्याही कुंडीत, भोकं कितीही असली तरी, निथळून झाल्यावर तळाशी एक थर पूर्ण ओला राहतोच. कणांमधल्या बारीक वाटा तेवढं पाणी धरून ठेवतात, गुरुत्वाला सोडत नाहीत. हा थर किती जाड असेल ते मिश्रण किती बारीक आहे यावर ठरतं, कुंडी किती उंच आहे यावर नाही. म्हणजे तोच दोन-तीन सेंटीमीटरचा चिंब थर उथळ ट्रेच्या कप्प्यात निम्मी जागा व्यापतो आणि सहा इंची कुंडीत तळाशी पडून राहतो. मिरचीची रोपं ट्रेमध्ये छान होतात म्हणून भोपळ्याचं हे धिप्पाड बी तिथे पेरू नये, ते थेट त्या थराच्या उंबऱ्यावर बसतं. आणि हो, तळाला विटांचे तुकडे, खापऱ्या, खडी घालून निचरा वाढत नाही. तो चिंब थर खडीच्या वर सरकतो, म्हणजे बियाच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एखादी खापरी, माती वाहून जाऊ नये इतपत, बस्स.

चुकून कुंडी चिंब झालीच तर घाबरू नका. तिला दुमडलेल्या सुती फडक्यावर ठेवा, भोकं फडक्याला टेकली पाहिजेत. फडकं पाणी शोषून घेतं. कुंडी थोडा वेळ तिरकी धरली तरी आणखी पाणी सुटतं, कारण तिरक्या कुंडीत तळाचा तो थर एका कोपऱ्यात गोळा होतो.

मातीच्या कुंड्या दिसायला छान असतात, पण नवी कोरडी कुंडी मिश्रणातली ओल स्वतःच पिते. वापरायचीच असेल तर आदल्या दिवशी बादलीत बुडवून ठेवा. वर्तमानपत्राच्या घरगुती कुंड्यांचंही तसंच. कागदाची कड मिश्रणाच्या वर राहिली की वातीसारखी ओल ओढून हवेत सोडते, म्हणून ती कड खाली दुमडा. मी साध्या प्लास्टिकच्या कुंड्या वापरतो. पर्यावरणवाद्यांनी माफ करावं, धुऊन अनेक वर्षं चालतात.

कुंडी भरताना मिश्रण दाबू नका. दोनदा जमिनीवर आपटा, तेवढ्याने बसतं. ओलं मिश्रण अंगठ्याने दाबणं म्हणजे एवढ्या कष्टाने राखलेली हवा हाताने बाहेर काढणं.

आता स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर काढा. भरलेली कुंडी, बी पेरून झाल्यावर, काट्यावर ठेवा आणि वजन पेनने कुंडीवरच लिहा. समजा ६४० ग्रॅम भरलं. हा तुमचा वाफसा. पुढचे सगळे निर्णय या आकड्याशी ताडून घ्यायचे. झाकलेल्या कुंडीचं वजन दिवसाला जेमतेम काही ग्रॅमने उतरतं. उगवण्याआधी ते दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे या उदाहरणात ५७५ ग्रॅमच्या आसपास आलं, तरच कोमट पाण्याचे दोन-तीन चमचे कडेकडेने सोडायचे. बहुतेक वेळा ती वेळच येत नाही. वजनकाटा नको वाटत असेल तर उदबत्तीची जळून उरलेली काडी स्वच्छ पुसून कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. कुठपर्यंत काडी गडद झाली ते दिसतं. काडी बियाच्या जागेपासून लांब, कडेला.

ऊब हा विषय वेगळा वाटतो, पण पुण्यात जानेवारीत ओलीचा अर्धा प्रश्न उबेचाच असतो. या बियाला मिश्रणाचं तापमान २८ ते ३० अंश लागतं. वीसच्या खाली ते रेंगाळतं, पंधरा-सोळाच्या खाली उगवण्याऐवजी कुजतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो, बाल्कनीतली फरशी बर्फ होते, आणि ओली कुंडी बाष्पीभवनाने हवेपेक्षाही थंड पडते. त्यात सकाळी टाकीतलं गार पाणी. तुमच्या पहिल्या दोन बियांना उगवायला संधीच मिळाली नाही. हेच मिश्रण, हीच ओल एप्रिलमध्ये असती तर कदाचित त्या निभावल्या असत्या, कारण ऊब असली की बी दोन-तीन दिवसांत धोक्याच्या टप्प्यातून निघून जातं.

तर कुंड्या घरात घ्या. वायफायचा राउटर किंवा सेट टॉप बॉक्स, जे काही सतत कोमट असतं त्याच्या शेजारी ठेवा, वर नको. वर ठेवून पाणी ठिबकलं तर बायको आणि इंटरनेट दोन्ही जातील. सगळ्यांत भरवशाचा उपाय म्हणजे थर्माकोलचं खोकं आणि त्यात जुना पिवळा १५ वॅटचा दिवा, कुंड्यांपासून वीतभर लांब. आत एक साधं थर्मामीटर. झाकण थोडं किलकिलं करून तापमान जमवता येतं. खोक्याचा दुसरा फायदा असा की ओल आतच राहते. बाजारात गरम होणाऱ्या चटया मिळतात, त्याही चांगल्या, पण एक लक्षात ठेवा: खालून ऊब मिळाली की कुंडी तळातून आधी वाळते. वरचा थर ओला दिसतो, आपण निश्चिंत राहतो, आणि सोटमूळ खाली जाऊन कोरड्यात पोचतं. तिथे काडी किंवा वजन हाच साक्षीदार.

बियाची तयारी थोडक्यात. साल जाड आहे म्हणून दोन्ही लांब कडा कानसेने किंवा नखं घासायच्या पट्टीने हलक्या घासा, पांढरा गर दिसायच्या आत थांबा. टोकदार बाजू सोडून द्या, मूळ तिथूनच येतं. मग कोमट पाण्यात चार ते सहा तास. रात्रभर नको, पाण्यात हवा कमी असते हे वर आलंच आहे. घासलेलं बी तर लवकरच भिजतं.

काही जण कागदी रुमालात मोड आणून मग कुंडीत लावतात. पद्धत चांगली आहे, महागड्या बियांसाठी मीही तीच सुचवीन, कारण कुठलं बी जिवंत आहे ते कळतं. फक्त रुमाल असा पिळा की झटकल्यावर थेंब उडू नये. बी गुंडाळून झिपच्या पिशवीत, पिशवीत थोडी हवा ठेवून, उबेत. दुसऱ्या दिवसापासून उघडून बघा. बियावर पाण्याची चकाकी दिसली तर रुमाल बदला. मूळ सेंटीमीटरभर झालं की लगेच कुंडीत. दोन दिवस उशीर केला तर मूळ कागदात घुसतं आणि सोडवताना तुटतं. हे मूळ काचेसारखं कडकन मोडतं.

कुंडीत बी इंचभर खोल आणि आडवं ठेवा. टोक खाली करून उभं लावणारेही आहेत आणि त्यांचीही रोपं उगवतात, पण मी आडव्याच्या बाजूचा आहे. त्याचं कारण तुमच्या तिसऱ्या रोपाशी जोडलेलं आहे. भोपळ्याचं, काकडीचं बी फुटतं तेव्हा मूळ आणि खोड जिथे जुळतात तिथे खालच्या बाजूला एक छोटी खुंटी उगवते. ही खुंटी टरफलाच्या खालच्या पाकळीवर पाय रोवते, आणि वर वाकलेलं खोड सरळ होत असताना बीजपत्रं, म्हणजे बियातलीच पहिली दोन पानं, टरफलातून उपसून काढते. चार्ल्स डार्विन यांनी १८८० मध्ये भोपळ्यात हे बारकाईने टिपून ठेवलं आहे. खुंटी कोणत्या बाजूला यावी हे गुरुत्वाकर्षण ठरवतं. १९९८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अवकाशयानात काकडीच्या बिया उगवून बघितल्या, तर तिथे खुंटी दोन्ही बाजूंना आली.

या खुंटीची युक्ती चालायला दोन गोष्टी लागतात. टरफलाला वरून मिश्रणाचं पुरेसं वजन हवं, आणि टरफल ओलसर, मऊ हवं. बी अर्धा इंचावर पेरलं किंवा वरचा थर वाळला की टरफल पकडून ठेवायला कुणी नसतं. मग ते कडक होऊन पानांबरोबर वर येतं. म्हणून इंचभर खोली आणि वरचा थर ओलसर, दोन्ही. तो थर ओला ठेवायला पाणी लागत नाही, झाकण लागतं. कुंडीवर पारदर्शक पिशवी सैल बांधा किंवा पाण्याच्या बाटलीचा कापलेला वरचा भाग बुच काढून टोपीसारखा वर ठेवा. आतल्या बाजूला हलकं धुकं दिसलं की बरोबर. मोठे थेंब ओघळत असतील तर दहा मिनिटं उघडा. झाकलेली कुंडी उन्हात ठेवू नका, अर्ध्या तासात आतलं बी उकडून निघेल.

तरीही टरफल अडकलंच तर ओढू नका. कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा टरफलावर वीस मिनिटं ठेवा, मग चिमट्याने फट हळूच रुंदावा. बीजपत्रं आपली आपण सुटतात. त्यातल्या एकाचं टोक तुटलं तरी चालतं. मधला वाढीचा कोंब मोडला तर खेळ संपला.

कोंबाचं वाकलेलं खोड दिसलं की नियम उलटे. झाकण त्याच दिवशी काढा, सरळ उजेडात ठेवा, आणि आता पृष्ठभाग दोन पाण्यांच्या मधे वाळू द्या. तुमचं चौथं रोप ज्याने गेलं त्याला आपल्याकडे रोपं कोलमडणे म्हणतात. पिथियमसारख्या बुरशीसदृश जीवांचे बीजाणू मातीतल्या पाण्यात चक्क पोहत जातात आणि कोवळ्या मानेला गाठतात. त्यांना पोहायला पाणी मिळालं नाही तर ते जागच्या जागी राहतात. मिश्रणात आधीच ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची पावडर मिसळून ठेवली तर मदत होते, मी मिसळतोच, पण ओली मान आणि कोंदट हवा असेल तर ट्रायकोडर्मा काही चमत्कार करत नाही. खोलीत हवा खेळती हवी. पंखा सर्वांत कमी वेगावर, थेट रोपावर नाही.

पाणी आता खालून द्या. वजन पेरणीच्या आकड्यापेक्षा साधारण पंधरा टक्के उतरलं की कुंडी कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवा. पृष्ठभाग नुसता गडद व्हायला लागला की उचला आणि फडक्यावर निथळत ठेवा. ताटलीत पाणी ठेवून कामाला जाऊ नका. दुपारी बीजपत्रं जरा मलूल दिसली म्हणून लगेच झारी उचलू नका, आधी कुंडी उचला. जड लागली तर ते उन्हाचं काम आहे, संध्याकाळी रोप ताठ होईल. मुळांना हवा नसली तरी पानं अशीच मलूल होतात आणि तेव्हा दिलेलं पाणी शेवटचं ठरतं. हा घोटाळा वजनाशिवाय ओळखता येत नाही. मार्चनंतर गणित बदलतं. आपल्याकडे उन्हाळी दुपारी हवा इतकी कोरडी होते की तीच कुंडी दिवसातून दोनदा हलकी होऊ शकते. म्हणून कुणी "दर दोन दिवसांनी इतके मिली" असा तक्ता दिला तर तो बाजूला ठेवा.

सासवडला हलवायची घाई करा, हे उलटं वाटेल पण खरं आहे. या रोपाचं मूळ फार वेगाने धावतं. पहिलं खरं पान उघडलं की कुंडीच्या तळाशी मुळं वेटोळी घालायला लागतात. उगवून आठ-दहा दिवसांत रोप जमिनीत गेलं पाहिजे. त्या दिवशी मातीचा गड्डा असा ओला हवा की कुंडी उलटी केल्यावर अखंड निघेल पण पाणी टपकणार नाही. त्यासाठी आदल्या संध्याकाळी खालून पाणी द्या, सकाळी देऊ नका.

शेतातली जागा आधीच तयार असू दे. काळी माती असेल तर वीतभर उंच गादीवाफा, त्यात पूर्ण कुजलेलं शेणखत, आणि लावणीच्या दोन-तीन दिवस आधी सगळ्या वाफ्याला भरपूर पाणी. लावताना चार बोटं खालची माती मुठीत दाबा. तुळतुळीत वळी झाली तर अजून ओली आहे, एक दिवस थांबा. ढेकूळ होऊन रवाळ फुटली तर लावा. मुरमाड जमीन असेल तर उलट काळजी, ती संध्याकाळपर्यंत ओल सोडून देते.

आणि इथे एक सापळा आहे. कोकोपीटचा गड्डा सैल असतो, काळी माती बारीक कणांची. भोवतालची माती जराशी कोरडी पडली की गड्ड्यातलं पाणी ओढून घेते, आणि रोप ओल्या रानात वाळतं. म्हणून पहिला आठवडा पाणी गड्ड्याच्या कडेलाच, खोडापासून तीन-चार बोटं लांब. ठिबक असेल तर ड्रिपर तिथे आणून ठेवा, मग मुळं बाहेर पडतील तसा हात-हात लांब सरकवा. पश्चिमेकडून गोणपाटाचा आडोसा करा, दुपारचं वारं नव्या पानातलं पाणी मुळांनी पोचवायच्या आत काढून घेतं.

उरलेल्या चारपैकी आता दोनच लावा. जानेवारीत लावलेला वेल मार्चच्या सुरुवातीला फुलावर येतो, तेव्हा ऊन अजून सोसण्यासारखं असतं. एप्रिलच्या होरपळीत फळ धरणं अवघड. बाकी दोन बिया काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी घालून, फ्रिजच्या दारात ठेवा. पुढे कधी काढाल तेव्हा बाटली न उघडता तीन-चार तास बाहेर राहू द्या. गार बाटली लगेच उघडली की हवेतली वाफ थेट बियांवर जमते. त्या दिवशी दोन्ही बिया लावायच्या नसतील, तर राहिलेली एक तेवढ्या दमटपणानेही खराब होऊ शकते.